खिंडीतल्या दैत्याचा आवाज

ताईने अण्णांच्या डाव्या हाताखाली माउस सरकवला, त्यांची बोटं एकेक करून त्यावर नीट बसवली, आणि दारातून आत येणारा धाकटा जागीच थबकला.

"काय लावतेयस?" त्याने विचारलं.

"काय म्हणजे? तुझाच गेम. घरात विहीर असताना शेजारी पाणी मागायला कशाला जायचं?" ताईने अण्णांची खुर्ची टेबलाजवळ ओढली. "बोलण्याच्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताला काहीतरी उद्योग द्या. मी म्हटलं, आमच्याकडे अख्खं राज्य पडून आहे."

"अगं, त्यांना नाही जमायचं. अवघड आहे तो."

"शाळेतली पोरं खेळतात असं तूच सांगत फिरत होतास ना?"

तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

अण्णा म्हणजे या दोघांचे वडील. आजारपण येण्याआधी ते घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की या टोकाला पुकारा दिला तर त्या टोकाचा हमाल पाठीवरचं पोतं सावरून वळून बघायचा. मग एका सकाळी मेंदूतली कुठलीशी रक्तवाहिनी तुंबली, उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. तोंडातून मात्र शब्दांऐवजी नुसता आवाज निघायचा, जाडाभरडा, ओढलेला, मध्येच तुटणारा. दर आठवड्याला एक बाई घरी येऊन त्यांना पुन्हा बोलायला शिकवत. बाईंचं खरं नाव लांबलचक होतं, त्यामुळे घरात त्या बोलण्याच्या बाईच होत्या.

पडद्यावर काळंभोर आकाश पसरलं. त्याखाली एक नाव किनाऱ्याला लागली आणि खांद्यावर वल्हं घेतलेली नावाड्याची मुलगी खाली उतरली. विझलेल्या ताऱ्यांच्या राज्यात ती पुन्हा तारे पेटवायला निघाली होती. अण्णांनी माउस हलवला आणि तिला थेट भिंतीत घातलं. मुलगी भिंतीशी पाय आपटत राहिली. अण्णांनी जोर लावला, मुलीनेही लावला. भिंत काही हलली नाही.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. या गतीने खिंड फार लांब होती. आणि खिंडीत जो दैत्य बसला होता, त्याच्या घशात अण्णांचा आवाज होता.

खेळ धाकट्याने घरीच केला होता, एकट्याने, नोकरी सांभाळून, लागली तेवढी वर्षं घालवून. दिवसभर तो पाट्या आणि फलक छापणाऱ्या दुकानात कॉम्प्युटरवर बसे. डॉक्टरांच्या वेळा, दुकानांची नावं, येथे गाडी लावू नये. तिथून घरी आला की चहाचा कप हातात घेऊन विझलेल्या ताऱ्यांच्या राज्यात शिरे. कामाची त्याची एक पद्धत होती. आधी सगळं तात्पुरतं. नावाड्याची मुलगी कितीतरी दिवस नुसता एक निळा चौकोन होती. वाड्याचा दरवाजा म्हणून त्याने घरातल्या कपाटाची करकर टिपली, वल्ह्याच्या पाण्यासाठी बादलीत हात मारला, आग म्हणून रद्दी चुरगाळली. नंतर चांगलं मिळालं की बदलायचं. ताई म्हणायची, तुझं तात्पुरतं म्हणजे आपल्या नळाला बांधलेली चिंधी, प्लंबर येईपर्यंत घर पडेल.

दैत्याचं चित्र मनासारखं उतरलं होतं. डोंगराचा एक कडाच कंटाळून उठून बसावा तसा तो खिंडीत बसलेला होता. आवाजाचं घोडं मात्र अडलं. धाकट्याने स्वतः गुरगुरून पाहिलं, तर खोकला झालेल्या कुत्र्यासारखं वाटलं. मग त्याला त्या फायली आठवल्या. बोलण्याच्या बाईंनी सांगितलं होतं की सराव फोनवर टिपून ठेवत जा, म्हणजे फरक कळेल. टिपायची ताई, आणि जपून ठेवायला धाकट्याच्या कॉम्प्युटरवर पाठवून द्यायची. त्याने त्यातली एकही कधी ऐकली नव्हती. त्याच्याने ऐकवतच नसे. त्या दिवशी त्याने एक उघडली, पुढचं मागचं कापून टाकलं, मधला लांबलचक आवाज तेवढा घेतला, थोडा संथ केला, गुहेत घुमतो तसा घुमवला आणि दैत्याच्या घशात घातला. तात्पुरता.

दैत्य जिवंत झाला. धाकट्याच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. त्या क्षणी त्याच्या मनात अण्णा आलेच नाहीत, बसला बुवा एकदाचा एवढंच आलं. आनंदाने त्याने टेबलावर थापसुद्धा मारली होती. पुढे ती थाप आठवली की त्याला कुठे तोंड लपवावं ते कळत नसे.

मोफत खेळांच्या एका साइटवर त्याने खेळ टाकला तेव्हाही आवाज तोच होता. बदलायचा राहिला, असं तो स्वतःला सांगत असे. पण राहिला नव्हता, ठेवला होता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खेळाच्या शेवटी नावं येतात तिथे त्याने चित्रं, कथा, रचना यांपुढे स्वतःचं नाव घातलं आणि त्याखाली लिहिलं, आवाज घरगुती. लिहिताना गंमत वाटली होती.

मग लोक खेळू लागले. ओळख ना पाळख, कुठकुठले लोक. चित्रं बरी आहेत म्हणाले, कथा जरा लांबते म्हणाले, आणि दैत्यापाशी आले की सगळ्यांची बोबडी वळली. 'खिंडीतला आवाज ऐकून मी हेडफोन काढून फेकले.' 'माझी मांजर पलंगाखाली गेली ती अजून बाहेर आली नाही.' धाकट्याला जन्मात कुणी एवढं वाखाणलं नव्हतं. पाट्या छापणाऱ्याला कोण वाखाणतं? स्पेलिंग चुकलं की तेवढं येऊन सांगतात. त्याने प्रत्येक शाबासकी पुन्हा पुन्हा वाचली. कुणीतरी विचारलं, हा आवाज कसा तयार केलात? त्याने उत्तर दिलं, 'थोडी मेहनत, थोडं नशीब.' मग पाणी प्यायला उठला तर स्वयंपाकघरात ताई अण्णांना भरवत होती. अण्णांच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती आणि ते ती डाव्या हाताने पुसू पाहत होते. धाकटा तहानलेलाच परत फिरला.

लाज वाटायची ती अशी. जेवताना वाटायची, आणि मग तो कॉम्प्युटरपुढे बसला की शाबासक्या वाचताना जायची. गेली याचीही पुन्हा लाज वाटायची.

अण्णा भिंतीत अडकले ते फार दिवस अडकून राहिले नाहीत. संध्याकाळी धाकटा दुकानातून आला की ताई शिवणयंत्रावरूनच बातमी द्यायची. ती घरीच लोकांचे कपडे शिवायची आणि दुपारभर एक डोळा सुईवर, एक डोळा अण्णांवर ठेवायची.

"आज भिंत सोडली हं अण्णांनी."

"आज वाड्याचं दार उघडलं. ते आपल्या कपाटासारखं वाजतं ना रे?"

"आज नदीपर्यंत आले."

नदी म्हटल्यावर धाकट्याने ताट बाजूला सारलं. नदीपलीकडे खिंड. खिंडीत अण्णा स्वतःचाच मोडका आवाज ऐकणार, तो कुणाच्या तोंडी घातलाय ते बघणार, आणि मग पुढे जायचं तर त्या तोंडावर वल्ह्याने मारावं लागणार, कारण दैत्य पडल्याशिवाय खिंड ओलांडता येत नाही, ही सोयही धाकट्यानेच केलेली. मुलाने बापाची अशी शोभा केली, तीही चव्हाट्यावर, फुकट वाटून.

सरळ माणसाने काय केलं असतं? अण्णांपुढे बसून सांगून टाकलं असतं. धाकट्याने दुसऱ्या दिवशी, अण्णा आंघोळीला गेलेले असताना, नदीची ओढ वाढवली. फक्त घरच्या कॉम्प्युटरवर. बाहेरच्या जगाची नदी होती तशीच राहिली.

त्या दुपारपासून नावाड्याची मुलगी बुडू लागली.

"ही काय भानगड आहे?" ताईने विचारलं. "नावाड्याची पोर आणि उठसूट बुडते?"

"अवघड आहे ती नदी," धाकटा ताटात बघत म्हणाला. "म्हणालो होतो मी."

"अण्णा सोडत नाहीत पण. बुडाली की पुन्हा काठावर आणतात."

त्याला वाटलं होतं, अण्णा कंटाळतील. दोन दिवसांनी माउस बाजूला सारतील आणि खिडकीतून रस्ता बघत बसतील, पूर्वीसारखे. तो अण्णांना एवढंही ओळखत नव्हता. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. अण्णा खुर्चीच्या काठावर सरकून बसले होते. कपाळावर घाम, डाव्या हाताच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मुलगी पाण्यात उतरायची, अण्णा तिला प्रवाहाच्या उलट ओढायचे, अर्ध्यावर आणायचे, आणि तिथे धाकट्याने घातलेली ओढ तिला घेऊन जायची. अण्णांच्या तोंडून एक हुंकार निघायचा. मग ते हात पॅंटीला पुसायचे आणि पुन्हा माउसवर ठेवायचे.

त्या आठवड्यात बोलण्याच्या बाई आल्या, अण्णांचा डावा पंजा दाबून बघितला आणि हरखल्या.

"अहो, पकड किती सुधारलीय! काय करून घेताय?"

"नदी पार करतायत," ताई म्हणाली.

"उत्तम. ज्याने कुणी केलाय हा गेम त्याला शंभर वर्षं आयुष्य." बाई हसून धाकट्याकडे वळल्या. "तुम्हीच ना?"

धाकट्याने होय म्हटलं. अण्णा त्याच्याकडेच बघत होते. त्याने खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला, जो नीटच होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने मालकांना गाठलं. मालक गडगडाटी माणूस. गिऱ्हाईक दाराशी असतानाच भाव सांगून मोकळे व्हायचे. खेळाचा त्यांना कोण अभिमान! येईल त्याला सांगत, आमच्या पोराने गेम काढलाय, फुकट आहे, बघा.

"साहेब, एक विचारायचं होतं. तुमचा आवाज हवा होता. दैत्याला."

"माझा?" मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आधी होता की त्याला. मी स्वतः घाबरून गेम बंद केला होता."

"तो तात्पुरता होता. बदलायचाय. तुमची हरकत नसेल तर."

मालकांची हरकत कसली? धाकट्याने चहा मागवला. जेवणाच्या सुट्टीत अर्धं शटर ओढून, छपाईचं यंत्र बंद करून, मालक फलकांच्या गुंडाळ्यांमध्ये उभे राहिले आणि मन लावून गरजले. समाधान होईना म्हणून पुन्हा गरजले. शेजारचा चावीवाला धावत आला, कुणाला काही झालं का म्हणून.

नवा आवाज घालून धाकट्याने खेळ पुन्हा साइटवर चढवला. घरची नदी मूळ पदावर आणली, घरच्या दैत्याचाही घसा बदलला. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला. साइटवर लोक कुरकुरले, हे खरं. 'दैत्याला सर्दी झालीय का?' 'आधी जीव घेणारा होता, आता हप्ते मागणारा वाटतो.' 'जुना आवाज परत द्या.' धाकट्याने कुणालाही उत्तर दिलं नाही. त्याला हलकं वाटत होतं. चूक झाली होती, ती कुणाला कळायच्या आत निस्तरली, आता मिटलं, असा त्याचा हिशोब.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी ताईने पुढच्या खोलीतून हाक मारली.

"ये लवकर! अण्णा पलीकडे पोचले!"

तो निर्धास्त गेला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाही राहिला. नावाड्याची मुलगी ओल्या पायांनी खडक चढत होती. अण्णांनी सदऱ्याचं वरचं बटण डाव्या हाताने लावून घेतलं होतं, कुठे जायला निघाल्यासारखं. ताईने यंत्र थांबवलं आणि ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. वळण आलं. खिंड आली. कडा हलला, दैत्याने मान वर केली आणि तोंड उघडलं.

मालक गरजले.

अण्णांचा हात थांबला. त्यांनी मुलीला एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. मालक पुन्हा गरजले. अण्णांनी मान तिरपी करून ऐकलं, माउस सोडला आणि सगळं अंग वळवून धाकट्याकडे पाहिलं.

"हा कोण ओरडतोय?" ताईने विचारलं.

"दैत्य."

"ते दिसतंय मला. आवाज कुणाचा?"

"आमच्या मालकांचा."

"आणि आधीचा कुठे गेला?"

खुर्चीच्या पाठीवरचा हात धाकट्याने काढून घेतला.

"तो... तात्पुरता होता," तो म्हणाला.

"तात्पुरता," ताई म्हणाली. अण्णा अजून त्याच्याकडेच बघत होते.

"तुला माहीत होतं?" धाकट्याने ताईला विचारलं.

"त्या घशात मी रोज घास घालते. मला कळणार नाही?" ताईचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "तू गेम टाकलास त्याच आठवड्यात. कपडे शिवायला टाकायला एक मुलगी आली होती, तिने फोनवर दाखवलं. कुठली तरी पोरं तुझा गेम खेळतायत आणि त्याचा व्हिडिओ. पहिल्याच आवाजाला माझ्या हातातली कात्री पडली. वाटलं, तुझा कॉम्प्युटर उचलावा आणि रस्त्यावर भिरकावावा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते. आणि म्हटलं, ज्यांचा आवाज त्यांना आधी ऐकवू. कळू दे, लेकाने काय दिवे लावलेत."

धाकट्याने डोळे मिटले. एवढे दिवस ज्याला भीत होता ते केव्हाच होऊन गेलं होतं. तो नदीला बांध घालत होता तेव्हा पाणी घरात कधीच शिरलेलं होतं.

"अण्णांनी ऐकला?"

"ऐकला. ती पोरं किंचाळत खोलीबाहेर पळाली. आणि अण्णा हसले."

"हसले?"

"खोटं कशाला सांगू? आजारपणानंतर पहिल्यांदा. मला खुणावलं, पुन्हा लाव. पुन्हा लाव. मला शिवण बाजूला ठेवून तेच करत बसावं लागलं." ताईने अण्णांच्या खांद्यावरची सुरकुती सारखी केली. "पुकारा आहे रे तो त्यांचा."

"कसला पुकारा?"

"लिलावाचा! बाईंनी विचारलं होतं, बाजारात पुकारा कसा द्यायचात, द्या बघू. शब्द गेले तरी चाल राहते म्हणाल्या. दिला त्यांनी. शब्द नाही आले, पण चाल तीच. खालून उचलायची, मध्ये धरून ठेवायची, टोकाला नेऊन सोडायची. फाइलमध्ये आहेत की बाई विचारताना. तू ऐकलंच नाहीस? बाजाराच्या मागेच राहायचो आपण, शाळेला त्या आवाजावर उठायचो. ओळखला नाहीस?"

धाकट्याने ओळखला नव्हता. त्या आवाजाचा कण न् कण त्याने पडद्यावर मोठा करून पाहिला होता. श्वास कुठे संपतो, खरखर कुठे सुरू होते, कुठे कापलं तर सांधा दिसणार नाही, सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्यात आपला बाप काहीतरी म्हणतोय, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं. दैत्याला शोभेल असं गुरगुरणं म्हणून त्याने तो उचलला होता. त्याच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं आणि तो ताप मानेपर्यंत उतरत गेला.

"म्हणून तर एवढे बुडत होते," ताई म्हणाली. "फोनवर ऐकून समाधान होईना. स्वतः चालत जायचं होतं तिथपर्यंत."

"ती नदी..." धाकटा म्हणाला. "ती मीच..."

"तेही कळलं. दुनियेतली पोरं पार होतात आणि आमच्याच घरात पूर येतो?"

पडद्यावर दैत्य वाट बघत बसला होता. मधूनच मालक दम भरत होते. धाकटा पुढे झाला.

"परत लावतो. जुना आवाज आहे माझ्याकडे. आत्ता लावतो, पाच मिनिटांचं काम..."

माउस अण्णांच्या हाताखाली होता. त्यांनी तो सोडला नाही. धाकट्याने बोटं पुढे नेली आणि तिथेच थांबवली.

"मालकांना विचारलं होतंस ना?" ताईने विचारलं. "त्यांचा आवाज घ्यायच्या आधी?"

"हो."

"नीट विचारलं असशील."

"हो."

"चहा पाजला असशील."

धाकट्याने मान हलवली. ताई उठली, यंत्रापाशी गेली आणि कापड हातात घेऊन सुईखाली सारू लागली. तिला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

तो अण्णांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला. काय विचारायचं ते एका वाक्याचं होतं, पण त्याला सवयच नव्हती. अण्णा जेवले का, अण्णा झोपले का, अण्णांना गार लागतंय का, सगळं तो ताईला विचारत आला होता, अण्णा समोर बसलेले असताना, त्यांच्या डोक्यावरून. अण्णांना स्वतःला त्याने वर्षभरात काही विचारलं नव्हतं. उत्तर येणार नाही हे धरून चालला होता. खरं म्हणजे उत्तराचा तो आवाज ऐकायची त्याला भीती वाटायची.

"अण्णा," तो म्हणाला. "तुमचा पुकारा मी तुम्हाला न विचारता घेतला. आणि न विचारताच काढला." इथे तो अडला. "तो... गेममध्ये घालू का? हवा असेल तर. नको असेल तर नको."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं, माल बघावा तसं, वरून खाली.

बाजारात कधी कधी एखादा घाईचा व्यापारी बोली लागायच्या आधीच ढिगाला हात घालायचा. मग चूक लक्षात आली की ओशाळून समोर येऊन उभा राहायचा. अण्णा त्याला रागावत नसत. त्याला तिथेच ढिगाशेजारी उभा ठेवायचे आणि बाकीचे ढीग पुकारायला घ्यायचे. सगळा बाजार त्याच्याकडे बघून घ्यायचा. त्याची पाळी अण्णांना वाटेल तेव्हा यायची.

अण्णा पडद्याकडे वळले. त्यांनी मुलीला खिंडीतून मागे फिरवलं आणि सावकाश, एकेक खडक उतरवत नदीकडे न्यायला सुरुवात केली. ताईचं यंत्र सुरू झालं. खिडकीतून आलेलं ऊन हळूहळू टेबलावरून जमिनीवर उतरलं. नदी आली. अण्णांनी मुलीला पाण्यात घातलं आणि घाई न करता पलीकडे नेऊ लागले.

धाकट्याच्या पायांना मुंग्या आल्या. तो उठला नाही.